सृष्टिक्रम

विश्वातील पदार्थ कोणत्या अनुक्रमाने उत्पन्न झाले, यासंबंधी धर्मग्रंथांत आलेल्या कथनास सृष्टिक्रम म्हणतात. ‘सर्ग’ व ‘सृष्ट्युत्पत्ती’ हे शब्दही याच अर्थाने वापरले जातात. याच्या उलट दिशेने जाणाऱ्या क्रमास ‘लयक्रम’ किंवा ‘संहारक्रम’ अशी संज्ञा आहे. सृष्टी कशी झाली, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मांनी हाताळला आहे. येथे त्याहून मर्यादित असा एक प्रश्न मुख्यतः विचारात घेतला आहे. एकच धर्मग्रंथ, अथवा सारखेच प्रमाण मानले गेलेले अनेक ग्रंथ, जेव्हा हा क्रम निरनिराळा सांगतात, तेव्हा भाष्यकारांनी त्यांचा अर्थ कसा लावला, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता तो पंडितांच्या वादाचा विषय वाटतो. तथापि प्रथम काय झाले हे सांगता सांगता श्रेष्ठ कोण व कनिष्ठ कोण हेही पुष्कळदा सांगितले गेले आणि त्याचे परिणाम समाजाने प्रत्यक्ष भोगले. म्हणून या अर्थनिर्णयाच्या पद्धती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

श्रुतींतील वर्णने : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातच सृष्टीसंबंधी एकमेकांशी न जुळणारी सूक्ते जवळजवळ आलेली आहेत. पुरुषसूक्तात (१०·९०) विराट पुरुषाच्या यज्ञातून चंद्र, सूर्य, पशू, ऋचा व चार वर्ण निर्माण झाल्याचे सांगितले आहे. हिरण्यगर्भसूक्तात (१०·१२१) आरंभी हिरण्यगर्भ आहे. नासदीय सूक्तात (१०·१२९) सत् व असत् या दोहोंच्याही अलीकडची स्थिती कल्पिली असून, हे सारे कोठून आले हे जाणणारा तरी कोणी आहे काय, अशा शंकेवर ते सूक्त थांबते. देवही सृष्टीनंतरचे, तेव्हा साक्षी कोणाची काढावी, हा त्यातील युक्तिवाद विलक्षण निर्भय आहे.

उपनिषदांत क्रम अधिक रेखीव होतो आणि त्यामुळेच विरोधही अधिक ठळक होतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून आप, आपापासून पृथ्वी, पृथ्वीपासून ओषधी, ओषधींपासून अन्न व अन्नापासून पुरुष असा क्रम दिला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, जो क्रम सांगतो त्यात आकाश व वायू नाहीतच. तेथे सत् तत्त्व तेज निर्माण करते, तेजापासून आप आणि आपापासून अन्न म्हणजे पृथ्वी होते. माणूस तापला की त्याला घाम येतो, यावरून तेजापासून पाणी, आणि पाऊस पडला की अन्न मुबलक होते, यावरून पाण्यापासून अन्न, अशी अनुभवातली उपपत्तीही तेथेच दिली आहे. मुंडकोपनिषदात प्राण, मन व इंद्रिये यांचा उल्लेख आकाशाच्या आधी येतो. प्रश्नोपनिषदात प्राणानंतर श्रद्धा व तिच्यानंतर आकाशादी भूते आहेत. ऐतरेय उपनिषदात भूतांऐवजी आधी लोक निर्माण होतात. छांदोग्यातच तिसऱ्या अध्यायात असत्‌पासून अंडे व त्याची सोन्या-रुप्याची दोन शकले झाल्याचे वर्णन आहे. सहाव्या अध्यायात मात्र असत्‌पासून सत् कसे होईल, असा प्रश्न विचारला आहे.

अर्थनिर्णयाची साधने : वेद अपौरुषेय मानले की त्यात चूक मानता येत नाही आणि परस्परविरोधही मानता येत नाही. म्हणून विरोधाचा परिहार करणारे शास्त्र निर्माण झाले. त्याचा पाया पूर्वमीमांसकांनी घातला. ‘क्रम’ हा त्यांच्या दृष्टीने यज्ञातील कृत्यांचा क्रम होय. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. क्रम ठरविण्याची श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य व प्रवृत्ती अशी सहा प्रमाणे त्यांनी मानली असून आधीचे प्रमाण नंतरच्याहून बलवान असते. याचे रूढ उदाहरण यवागूचे म्हणजे कांजीचे आहे. वेदवाक्यात अग्निहोत्राच्या होमाचा उल्लेख आधी व यवागू शिजविण्याचा नंतर येतो. पण शिजविल्याखेरीज होमात घालणार काय? येथे शब्दांचा पाठक्रम सोडून अर्थक्रम घ्यावा लागतो. ग्रंथात जे आधी लिहिले ते आधी घडले असे नव्हे, हा नियम स्वयंपाकघरातल्या या दृष्टांताने एकदा प्रस्थापित झाला आणि पुढे वेदान्त्यांनी तो विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत नेला.

बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादाचा आरंभ याच वादाने होतो. छांदोग्यात आकाशाच्या उत्पत्तीचा उल्लेख नाही, म्हणून आकाश नित्य आहे, असा पूर्वपक्ष प्रथम मांडला आहे. त्यावर सिद्धान्त असा, की एका शाखेत न सांगितलेले दुसऱ्या शाखेतून घ्यावे. छांदोग्य तेजाची उत्पत्ती सांगते. ते ‘सर्वप्रथम’ झाले असे शब्द त्यात नाहीत. त्याचे पहिलेपण वाचकाने अनुमानाने काढलेले असते, तर तैत्तिरीयातील क्रम स्पष्ट शब्दांनी सांगितलेला आहे. स्पष्ट विधानापुढे अनुमान टिकत नाही. एकच वाक्य तेजाची उत्पत्ती सांगेल आणि त्याच वेळी आकाशाची नाकारील, असे मानणे हा वाक्यभेदाचा दोष होय, असेही शंकराचार्यांनी दाखवून दिले आहे. मौन म्हणजे नकार नव्हे, हे या अधिकरणाचे सार म्हणता येईल. मन व इंद्रिये यांच्या स्थानासंबंधीचा मुंडकातील विरोधही याच रीतीने दूर केला आहे : तेथे केवळ गणना आहे, अनुक्रम अभिप्रेत नाही.

तैत्तिरीयाचा क्रम निवडण्यास आणखी एक आधार आहे. आकाशाचा गुण शब्द हा एकच. वायूचे शब्द व स्पर्श हे दोन. तेजात रूपाची, आपात रसाची व पृथ्वीत गंधाची भर पडते. म्हणजे प्रत्येक पुढचे भूत मागच्याचे गुण घेऊन एकेका गुणाने स्थूल होत जाते. सूक्ष्माकडून स्थूलाकडे जाणारा हा क्रम केवळ पाठावर अवलंबून राहत नाही, त्यामागे एक तर्कही उभा राहतो. लय मात्र उलट क्रमाने होतो. जिना चढणारा ज्या पायऱ्यांनी वर गेला त्यांवरूनच उलट क्रमाने खाली येतो, हा शंकराचार्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे.

याहून मूलगामी भूमिका अद्वैतपरंपरेतच आढळते. सृष्टिवाक्यांतील क्रम जुळो अथवा न जुळो, कारण असलेल्या ब्रह्माविषयी त्यांत मतभेद नाही, असे पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादावरील भाष्यात म्हटले आहे. सृष्टी सांगणे हे श्रुतीचे तात्पर्यच नव्हे. माती, लोखंड, ठिणग्या यांचे दृष्टांत बुद्धीला ऐक्याकडे नेण्याचे उपाय आहेत, असे गौडपादांनी मांडूक्यकारिकांत आधीच सांगितले होते. उपाय अनेक असू शकतात, त्यांत विरोध शोधण्याचे कारण नाही. रामानुज व मध्व यांना ही सुटका उपलब्ध नव्हती. जग सत्य मानल्यावर त्याचा क्रमही सत्य मानावा लागतो. त्यामुळे वैष्णव आचार्यांच्या भाष्यांत क्रमाची चर्चा अधिक जबाबदारीने केलेली दिसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पंचीकरण : छांदोग्यात तीन देवतांचे मिश्रण करण्याची जी क्रिया सांगितली आहे तिला त्रिवृत्करण म्हणतात. पुढे तैत्तिरीयातील आकाश व वायू मिळवून भूते पाच झाली, तेव्हा त्रिवृत्करणाचेही पंचीकरण झाले. विद्यारण्यांच्या पंचदशीत व सदानंदाच्या वेदान्तसारात त्याची रीत दिली आहे. प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन समान भाग करावयाचे. एक अर्धा तसाच ठेवून दुसऱ्याचे चार भाग करावयाचे व ते उरलेल्या चार भूतांच्या राखलेल्या अर्ध्यांत एकेक मिळवावयाचे. अशा रीतीने स्थूल पृथ्वीत १/२ पृथ्वी व इतर चार भूते प्रत्येकी १/८ असतात. हे गणित श्रुतीत नाही. दोन श्रुतींचा मेळ घालताना ते भाष्यकारांच्या हाती लागले. असे असले तरी मराठी मुलखात सामान्य श्रोत्याला सृष्टिक्रम म्हणून जे माहीत झाले ते मुख्यतः हेच होय.

मराठी ग्रंथ : सृष्टिक्रमाचे मराठीतील महत्त्वाचे विवेचन गोदावरीच्या मधल्या खोऱ्यात व त्याच्या आसपास झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. बीड जिल्ह्यातील माजलगाव हे तालुक्याचे ठिकाण सिंदफणा नदीकाठी असून तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते. माजलगाव मध्यबिंदू धरल्यास वायव्येस एकनाथांचे पैठण, उत्तरेस गोदावरीपलीकडे रामदासांचे जन्मगाव जांब व दक्षिणेस मुकुंदराज आणि दासोपंत यांचे अंबाजोगाई येते. माजलगाव तालुक्यातच गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी हे क्षेत्र आहे. तेथे मिळालेला यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट त्याच्या पुरुषोत्तम नावाच्या प्रधानाशी व त्याने ब्राह्मणांसाठी वसविलेल्या अग्रहाराशी संबंधित आहे. वेदाध्ययन करणाऱ्यांच्या अशा वसाहतींत वर सांगितलेली भाष्यचर्चा संस्कृतात चालत असे. ती मराठीत आणणे म्हणजे तिचा अधिकारी बदलणे होते.

मुकुंदराजांचा विवेकसिंधु परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मधील मानला जातो. या कालाविषयी, तसेच मुकुंदराजांचे स्थान अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने रचलेल्या या ग्रंथात ब्रह्मापासून माया व तिच्यापासून भूतसृष्टी हा क्रम पिंड व ब्रह्मांड यांच्या ऐक्याशी जोडला आहे. ब्रह्मांडात जे थर तेच देहात, म्हणून सृष्टी समजून घेण्यासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही, असा त्याचा रोख आहे.

दासोपंतांनी (१५५१–१६१५) हा विषय वेगळ्याच साधनावर लिहिला. त्यांची ‘पासोडी’ म्हणजे सुमारे चोवीस हात लांब व अडीच हात रुंद अशा जाड सुती वस्त्रावर लिहिलेले पंचीकरण होय. अंबाजोगाईस ती त्यांच्या परंपरेत जतन झाली. गीतार्णवासारखा सव्वा लाख ओव्यांचा समजला जाणारा ग्रंथ रचणाऱ्या या कवीने याच एका विषयासाठी कापड का निवडले असावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. पंचीकरणाची रचना मुळातच कोष्टकासारखी आहे. पाच भूते, प्रत्येकाचे पाच अंश व त्यांपासून देहातील पंचवीस तत्त्वे, ही पानामागून पान उलटीत वाचण्यापेक्षा पसरून एका नजरेखाली ठेवलेली अधिक सोयीची. पोथीपेक्षा भिंतीवरच्या नकाशाशी या वस्त्राचे नाते जवळचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या पंचवीस तत्त्वांची यादी मराठी कीर्तन-प्रवचनांत इतकी रुळली, की ती लहान मुलांनाही पाठ असे. हाडे, मांस, त्वचा, नाडी व रोम हे पृथ्वीचे. शुक्र, शोणित, लाळ, मूत्र व घाम हे आपाचे. भूक, तहान, आळस, निद्रा व मैथुन हे तेजाचे. चळणे, वळणे, पसरणे, आखडणे व रोधणे हे वायूचे. काम, क्रोध, शोक, मोह व भय हे आकाशाचे. विश्वोत्पत्तीचा क्रम येथे घामाशी, भुकेशी व भयाशी येऊन भिडतो. एकेक तत्त्व ओळखून ते आपण नव्हे म्हणून बाजूला काढण्याच्या क्रियेस ‘तत्त्वझाडा’ म्हणतात. ‘झाडा’ हा हिशेबातला शब्द आहे. कारकुनाने खात्यातील एकेक रक्कम तपासून मिटवावी, तशी तत्त्वे मिटवीत शेवटी जो उरतो त्याच्याशी गाठ घालून देणे, हा सृष्टिक्रम सांगण्याचा हेतू. अर्थात तो उलट क्रमानेच वाचावा लागतो.

रामदासांनी (जन्म १६०८) दासबोधाच्या आठव्या दशकात ही अडचण उघडपणे मांडली आहे. निर्गुण ब्रह्मात हालचाल झाली कशी, असे श्रोता विचारतो. जे झालेच नाही त्याची वार्ता काय विचारतोस, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. आणि तरीही पुढे सृष्टीचे सविस्तर वर्णन येतेच. पाच भूते एकामागून एक झाली की आरंभापासून एकमेकांत होती, याचाही रामदास विचार करतात. कठीणपणा म्हणजे पृथ्वी, ओलावा व मऊपणा म्हणजे आप, उष्णता म्हणजे तेज, चळण म्हणजे वायू व पोकळी म्हणजे आकाश, अशी ओळख ठरवून प्रत्येक भूतात उरलेली चार त्यांनी शोधून दाखविली आहेत. असे केले की क्रमाचा आग्रह आपोआप सैल होतो.

विरोधपरिहाराचा सर्वांत प्रांजळ प्रयत्न एकनाथांच्या भागवतात आढळतो. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील ही टीका शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशी येथे पूर्ण झाली. बाविसाव्या अध्यायात उद्धव श्रीकृष्णाला विचारतो, की तत्त्वे किती? तू २८ सांगतोस. इतर ऋषी २६, २५, १७, १६, १३, ११, ९, ७, ६ आणि ४ अशाही संख्या सांगतात. उत्तर असे, की हे सर्वच युक्त आहे. कारणात कार्य व कार्यात कारण अनुप्रविष्ट असल्यामुळे कोणी दोन्ही वेगळी मोजतो, कोणी एकात दुसरे धरतो. घट आणि माती यांना दोन म्हणावे की एक, हे मोजणाऱ्याच्या विवक्षेवर अवलंबून राहते. एकनाथांनी हा भाग संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यासाठी विस्ताराने उलगडून दाखविला आहे. ब्रह्मसूत्रांत एक क्रम राखून बाकीचे त्यात बसविले जातात. भागवतात मात्र मोजणीच सापेक्ष ठरते. या दोन भूमिका एकच नव्हेत, याकडे पुष्कळ आधुनिक प्रवचनकारांचे दुर्लक्ष होते.

बायबलमधील क्रम : मराठी बायबलात ‘उत्पत्ति’ या नावाने येणाऱ्या पहिल्या पुस्तकात दोन वृत्तान्त लागोपाठ आहेत. पहिल्या अध्यायात पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी अंतराळ, तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी व वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र व तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी आणि सहाव्या दिवशी पशू व मानव, स्त्री आणि पुरुष बरोबरच, निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात मात्र आधी पुरुष, मग बाग व पशू आणि शेवटी स्त्री असा क्रम आहे. सूर्याच्या आधी दिवस कसे मोजले, ही शंका प्राचीन काळापासून घेतली गेली. संत ऑगस्टीन याने सर्व सृष्टी एकदमच झाली असून दिवसांचा क्रम हा समजून घेण्याचा क्रम आहे, असे मत मांडले. गौडपादांच्या ‘उपाय’ या कल्पनेशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ऑगस्टीनला सृष्टी खरी आहे, हे विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्राने पृथ्वीचे वय वाढविल्यावर ‘दिवस’ म्हणजे युग, असा अर्थ पुढे आला. रोमच्या बायबल-आयोगाने १९०९ मध्ये त्या शब्दाचा ‘काही एक कालावधी’ असा अर्थ घेण्यास मोकळीक दिली. बहुसंख्य समीक्षक हे दोन वृत्तान्त निरनिराळ्या परंपरांतून आलेले मानतात.

मराठीत ही कथा प्रथम विस्ताराने आणली ती फादर टॉमस स्टीफन्स याने. १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापल्या गेलेल्या त्याच्या क्रिस्तपुराणात सृष्ट्युत्पत्ती ओवीबद्ध झाली व पुराणाची सर्गापासून आरंभ करण्याची चाल तिला आयतीच लाभली. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे भाषांतर केले. स्त्री नंतर निर्माण झाली म्हणून तिने मौन धरावे, असा जो निष्कर्ष नव्या करारातील एका पत्रात काढलेला आहे, त्याचा आधार दुसऱ्या अध्यायाचा क्रम आहे. पहिल्या अध्यायावरून तो निघत नाही.

आधुनिक विचार : सृष्टिक्रमातून समाजक्रम काढण्याची रीत आपल्याकडे अधिक काटेकोर होती. मनुस्मृतीचा पहिला अध्याय जलापासून व अंड्यापासून सुरू होऊन ब्रह्मदेवाच्या मुख, बाहू, मांड्या व पाय यांतून झालेल्या वर्णांपर्यंत व त्यांच्या कर्मांपर्यंत येतो. जोतीराव फुले यांनी गुलामगिरीत (१८७३) धोंडीबाशी झालेल्या संवादातून या कथेवर हल्ला चढविला. भाष्यकाराने लाक्षणिक अर्थाचा आसरा घ्यावा तेथे फुल्यांनी कथा मुद्दाम अक्षरशः घेतली व तिच्यातून काय काय निष्पन्न होते ते विचारून तिचे हसे केले. अर्थनिर्णयाच्या इतिहासात ही पद्धतही नोंदविली पाहिजे.

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ या प्रकरणात सांख्यांचा क्रम, त्रिवृत्करण व पंचीकरण यांची चिकित्सा करून हेकेलप्रभृती पाश्चात्त्यांच्या उत्क्रांतिमताशी तुलना केली. ती वाचताना टिळकांचा आत्मविश्वास जाणवतो. मात्र सांख्यांची प्रकृती व भौतिक शास्त्रातील द्रव्य यांत जे अंतर आहे ते अशा तुलनेत बरेच कमी भासते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्र पूर्वी कोण होते? या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९४६) श्रुतींतील हाच परस्परविरोध आपल्या युक्तिवादाचा कणा बनविला. वेदान्ती ज्या विरोधाचा परिहार करीत आले तो त्यांनी जसाच्या तसा वाचकापुढे मांडला. ऋग्वेदात सृष्टीची इतर वर्णने आहेत, उदाहरणार्थ, दहाव्या मंडलातील बहात्तरावे सूक्त, आणि त्यांत चातुर्वर्ण्याचा मागमूस नाही. ब्राह्मणग्रंथांतील वर्णोत्पत्तीच्या कथाही एकमेकींशी जुळत नाहीत. तैत्तिरीय ब्राह्मणात एके ठिकाणी वैश्य ऋचांपासून, क्षत्रिय यजुर्वेदापासून व ब्राह्मण सामवेदापासून झाल्याचे म्हटले आहे, शूद्राचे तेथे नावही नाही. दुसऱ्या ठिकाणी ब्राह्मण देवांपासून व शूद्र असुरांपासून झाल्याचे सांगितले आहे. या पार्श्वभूमीवर पुरुषसूक्त हा नंतरचा प्रक्षेप असून समाजरचनेला दैवी प्रमाण देण्यासाठी तो घातला गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूक्त उत्तरकालीन आहे, हे त्याच्या भाषेवरून अनेक वेदाभ्यासकांनी मान्य केले आहे. ते प्रक्षिप्त आहे की दहाव्या मंडलाच्या रचनेतच मुळात अंतर्भूत आहे, यावर मात्र एकमत नाही.